सात नंबरवरचा आवाज

ऐकू येतंय का? मी वॉकीटॉकी बोलतोय, सात नंबरच्या चॅनलवरून.

आधीच सांगतो, मी महागातला नाही. पोलिसांच्या खांद्यावर मिरवतो तो माझा लांबचा, श्रीमंत चुलतभाऊ. मी साधा, प्लास्टिकचा, मुठीत मावणारा. डोक्यावर आखूड दांडी आणि कुशीला एक मोठं बटण. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोन्ही एकदम मला जमत नाही. माणसांना जमतं म्हणतात, पण तसा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मी जन्मलो तो जोडीनं. एका खोक्यात मी आणि माझा जुळा भाऊ. खोक्यावर बर्फाचा डोंगर छापला होता आणि डोंगरावर दोन माणसं हसत उभी होती. त्यामुळे आम्हाला वाटायचं, आपण डोंगरावर जाणार. गेलो विटा-सिमेंटच्या कामावर. पण उंची मिळाली, तक्रार नाही.

दुकानात बॅटऱ्या आणि विजेऱ्यांच्या फळीवर आम्ही बरेच दिवस धूळ खात पडलो होतो. एक दिवस दादा आला. कोपरापर्यंत सिमेंट, पायात चिखलाचे बूट. त्यानं मला उचललं आणि दुकानदाराला विचारलं, "हा भिंतीतून बोलतो का?"

"खोक्यावर पाच किलोमीटर लिहिलंय बघा."

"मला पाच किलोमीटर नको. मला नऊ मजले पाहिजेत, आणि मध्ये काँक्रीट आहे. तुम्ही हा एक घ्या आणि गोदामाच्या मागं जाऊन बोला."

"काय बोलू?"

"काहीही बोला. फक्त थांबू नका."

बिचारा दुकानदार गोदामामागं जाऊन आपल्या गुडघेदुखीबद्दल बोलत राहिला. माझ्यातून बाहेर पडलेला पहिला आवाज तो. दादा डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणाला, "चालेल. बांधा."

दादा एका दवाखान्याच्या बांधकामावर होता. उंच क्रेन मधोमध उभी, आणि तिच्या टोकाशी काचेच्या खोपटात बसायचा दादाचा धाकटा भाऊ. साइटवर सगळे त्याला ऑपरेटर म्हणत. दादा म्हणायचा बारक्या. बारक्या दाराएवढा रुंद होता, तरी बारक्याच.

पुढचं अंगण बारक्याला वरून तळहातासारखं दिसायचं. तिथं स्टोअर होतं आणि स्टोअरवर वहिनी, म्हणजे दादाची बायको. माल साखळीला बांधून द्यायचा, ताण बघायचा, "उचला" म्हणायचं, हे तिचं काम. पण इमारतीच्या मागं एक चौक होता, तिन्ही बाजूंना भिंती. वरून तो दिसायचाच नाही. तिथं माल उतरवायचा म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून सुईत दोरा ओवायचा.

माझ्या आधी ते काम शिट्टीवर चालायचं. दादा चौकात उभा राहून हात करायचा, कोपऱ्यावरचा माणूस ते बघून दुसऱ्याला हात करायचा, आणि दुसरा शिट्टी मारायचा. "थांब" वर पोहोचेपर्यंत माल भिंतीला जाऊन टेकलेला असायचा. एकदा खिडकीची चौकट गेली, एकदा एका गवंड्याची दोन बोटं. त्या बोटांनंतर दादानं आम्हाला आणलं.

मुकादमानं आम्हाला बघितलं आणि पोट धरून हसला. "अरे, घरी पोरं रडत असतील. खेळणी देऊन ये त्यांची!"

दादा हसला नाही आणि चिडलाही नाही. त्यानं जुळ्याला बारक्याकडे वर पाठवलं, आमच्याच जातीचा तिसरा सेट स्टोअरवर वहिनीला दिला, मला स्वतःच्या छातीला अडकवलं आणि बारक्याला नियम सांगितला. तो नियम म्हणजे माझं सगळं आयुष्य, म्हणून नीट ऐका.

"मी बोलतोय तोवर ये. मी बस म्हणालो की थांब. आणि मी काहीच बोललो नाही, तरी थांब."

"गप्प बसलास तरी?"

"तेव्हा तर आधी थांब. बॅटरी संपली असेल, माझा पाय घसरला असेल, कुणी मध्ये घुसलं असेल. आवाज गेला की हात थांबला पाहिजे. पुढचा आवाज येईपर्यंत."

म्हणून दादा माल उतरताना अखंड बोलायचा. नुसतं "ये, ये" किती वेळ म्हणणार? मग मध्ये भरताड घालायचा. "ये… ये… आज आमटी पांचट होती… ये… तुझ्या वहिनीला बोलू नको, घरात घेणार नाही मला… ये… हातभर राहिलं… वीतभर… चार बोटं… बस."

आणि त्यानं बटण सोडलं रे सोडलं, की स्टोअरवरून वहिनीचा आवाज यायचा, "ऐकलं हो मी."

अख्ख्या चौकात हशा पिकायचा. दादा मला छातीवरून काढून माझ्याकडेच रागानं बघायचा, जणू चुगली मी केली.

पहिल्या आठवड्यात एकदाही भिंतीला काही लागलं नाही. मग मुकादम हळूच दादाजवळ आला. "खेळणी अजून मिळतील का रे?" आणि बघता बघता गेटवर सेट, मिक्सरवर सेट, लोखंडाच्या टोळीकडे सेट. त्या सगळ्यांचं चॅनल तीन नंबर. सात मात्र दादा, बारक्या आणि वहिनी या तिघांचंच.

तेव्हा मी माणसं ऐकली, भरपूर ऐकली. बटण दाबायच्या आधीच बोलायला लागतात आणि मग विचारतात, ऐकू कसं येत नाही. जितकं लांब तितकं ओरडतात, जसं काही आवाज मला पाठीवर वाहून न्यायचाय. मुकादमानं तर एकदा सेट मागच्या खिशात ठेवून खुर्चीत बैठक मारली. बटण दाबलं गेलं आणि फोनवरचं त्याचं "हो गं… चुकलं गं… येताना आणतो गं…" सगळ्या साइटनं काम थांबवून ऐकलं. महिनाभर पोरं एकमेकांना "हो गं" म्हणत होती.

त्या दिवसांत आमचा रुबाब विचारू नका. भिंती वाढत होत्या, आणि त्यांच्या साच्याची प्रत्येक प्लेट, आतली प्रत्येक सळई आमच्या आवाजावर उतरली होती.

आता ते सांगायचं, जे मला सांगायला आवडत नाही.

दुपार होती. लोखंडी प्लेटांचा गठ्ठा चौकात उतरत होता. दादा बोलत होता. "ये… ये… अजून… ये…" आणि त्याचं बोट माझ्यावरून सुटलं.

तो पडला. मीही पडलो, माझी दांडी वाकली. वर बारक्याचा हात त्याच क्षणी थांबला. प्लेटांचा गठ्ठा दादाच्या वर तसाच अधांतरी थांबला आणि त्याच्याखालून माणसं धावत आली. हात थांबला नसता तर किती जण गेले असते, याचा हिशोब मी करत नाही. दादाचं शेवटचं गप्प बसणंसुद्धा कामाला आलं, एवढंच म्हणतो.

पण बारक्याला हे दिसत नव्हतं. त्यानं हाक मारली. "दादा? अरे, झोपलास का? बोल की लेका."

ती हाक माझ्यातूनच बाहेर पडली, दादाच्या कानाजवळ, धुळीत. त्यानं ती ऐकली का, मला माहीत नाही. मी आवाज कानापर्यंत पोहोचवतो. त्याच्या पुढचं माझ्या हातात नाही.

मग कुणीतरी मला उचलून ओरडलं, "दादा पडलाय! उतर खाली!" उतरणार कसा? हुकाला गठ्ठा लटकत होता. तो टाकून ऑपरेटर उठत नाही. बारक्यानं गठ्ठा वर घेतला, फिरवला आणि पुढच्या अंगणात ठेवला. रडत होता, पण एकही प्लेट वाजू दिली नाही. मग ती लांबच्या लांब शिडी. तो जमिनीला लागला तेव्हा दादाला घेऊन गाडी निघून गेली होती, वहिनीही त्याच गाडीत.

छातीचं दुखणं होतं. दुसरा दवाखाना लांब होता. आणि ज्याच्या भिंती दादानं उभ्या केल्या, तो अजून सुरू व्हायचा होता.

बारक्या कामावर परत आला तेव्हा त्यानं मला मागून घेतलं आणि वर खोपटात जुळ्याशेजारी खिळ्याला टांगलं. रोज मला चार्ज करायचा, सातवर लावायचा, आवाज मोठा ठेवायचा. कधी जुळ्याचं बटण दाबून म्हणायचा, "दादा." आम्ही दोघं एवढे जवळ असलो की एकमेकांचा आवाज गिळून किंचाळतो, तशी आमची जातच आहे. मी किंचाळायचो. तो बटण सोडायचा आणि परत दाबायचा. मला शरम वाटायची, पण माझा इलाज नव्हता.

सातवर बोलायचं नाही, असं त्यानं सगळ्यांना बजावलं होतं. सगळ्यांनी मानलं. दादाचं चॅनल म्हणून कुणी त्याच्याकडे फिरकेना. क्रेनसुद्धा तीन नंबरवर गेली, आणि चौकात दादाच्या जागी लोखंडाच्या टोळीचा लांबू उभा राहायला लागला. लांबू चांगला माणूस. नियमही त्याला माहीत होता.

चूक कुणाला दिसली नाही, कारण ती मायेनं केली होती.

एका सकाळी लांबू चौकात सळयांचा भारा उतरवत होता. "ये… ये…" म्हणता म्हणता त्याचा पाय जाळीत अडकला आणि तो गप्प झाला. आता क्रेन थांबायला हवी. पण त्याच वेळी गेटवर मुकादम एका ट्रकला मागं घेत होता, तीन नंबरवरच. "ये, ये, ये, अजून ये!"

बारक्याच्या कानाला "ये" ऐकू येत होतं. भारा येत राहिला.

लांबू ओरडला ते सेटमधून नाही, नुसत्या गळ्यानं. चौकातून वर ऐकू जाईल असं. बारक्यानं भारा धरला तेव्हा लांबूचं हेल्मेट तडकलं होतं आणि लांबू भिंतीला पाठ लावून उभा होता. वाचला.

गप्प बसणंसुद्धा ऐकू यावं लागतं, आणि त्यासाठी जागा रिकामी लागते. तीन नंबरवर ती जागा नव्हती. सातवर होती, आणि तिथं आम्ही कुलूप लावून बसलो होतो.

बारक्यानं क्रेन बंद केली आणि तीनवर सांगून टाकलं, "माझ्याच्यानं होणार नाही. दुसरा माणूस बघा."

साइटचे साहेब चिडले नाहीत, तेच वाईट होतं. दवाखान्याचा जनरेटर यायचा होता. ते धूड चौकातल्या ओट्यावर बसवायचं, दोन्ही भिंतींना हातभर जागा सोडून. तो बसेपर्यंत दवाखाना सुरू होणार नव्हता. साहेब म्हणाले, "आजचा दिवस विचार कर. नाहीतर उद्या मी दुसरा ऑपरेटर आणतो, आणि मग तोच राहील." बारक्या म्हणाला, "आणा."

त्याच दिवशी वहिनी परत कामावर आली. स्टोअर उघडलं, झाडलं, आणि सेट हातात घेतला.

"भावजी, वर आहात का?"

"आहे."

"ह्यांचा सेट कुठाय?"

"माझ्याकडे."

"खाली पाठवा."

"नाही. तो दादाचा आहे."

"मग मी कोण, शेजारीण?"

तीन नंबरवर सगळी साइट ऐकत होती. मिक्सरवाल्याला हसू आलं आणि लगेच त्यानं तोंड दाबलं.

"वहिनी, सातवर कुणी बोलायचं नाही."

"आणि तीनवर बोलून लांबू भावजींचा जीव गेला असता तो?"

मी खिळ्यावरून बघत होतो. बारक्या खोपटात गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

वहिनीचा आवाज मऊ झाला. "भावजी, त्यांनी काय शिकवलं होतं? आवाज गेला की थांबायचं. तुम्ही थांबलात. बरोबर केलंत. पण जन्मभर लटकून राहा, असं नव्हतं शिकवलं. पुढचा आवाज येईपर्यंत थांबायचं असतं. आलाय तो. पाठवा सेट."

मग बारक्या उठला. त्यानं मला खिळ्यावरून काढलं, शर्टाला पुसलं. शिडीवरून खाली आणून देईल असं मला वाटलं. पण त्यानं हूक खोपटाच्या कठड्याजवळ ओढून घेतला, त्याला पाण्याची बादली बांधली, बादलीत आपला मफलर अंथरला आणि त्यावर मला ठेवलं.

मग क्रेन सुरू केली.

एवढी थोरली क्रेन, आणि हुकाला एकटा मी! माझ्या अख्ख्या खानदानात असा मान कुणाला मिळाला नसेल. खाली गवंडी थापी हातात धरून बघत उभे होते. मुकादमानं हेल्मेट काढलं होतं. बारक्यानं मला इतकं हळू आणलं की मफलरची घडीसुद्धा हलली नाही. अंगणात वहिनीनं बादली धरली.

तिनं माझी वाकलेली दांडी सरळ केली, काळ्या चिकटपट्टीनं बांधली, आणि सायकलच्या ट्यूबचा पट्टा करून मला गळ्यात घातलं.

साहेब म्हणाले, "अहो, तुमचे घरी बसायचे दिवस आहेत."

"घरी नुसतं घर वाजतं, साहेब. इथं निदान मिक्सर वाजतो."

"पण चौकात उतरवणं म्हणजे…"

"एवढे दिवस सातवर काय मी गाणी ऐकत होते? आधी रिकामा हूक उतरवते. मग वाळूची पोती. नाही पटलं तर आणा तुमचा माणूस."

रिकामा हूक उतरला. वाळूची पोती उतरली. साहेबांनी ओट्याजवळ उभं राहून सगळं बघितलं आणि म्हणाले, "जनरेटर बोलवा."

तो आला. हिरवा, हत्तीसारखा. अंगणात वहिनीनं स्वतः साखळ्या तपासल्या. चारही कोपऱ्यांना दोर बांधले आणि चौकात ते धरायला लांबूची टोळी उभी केली. मग ती चौकाच्या कोपऱ्यात गेली, दादा उभा राहायचा तिथंच, आणि मला तोंडाजवळ धरलं.

"भावजी, सात नंबर. ऐकू येतंय?"

"येतंय."

"ये."

जनरेटर छपरावरून आला आणि चौकातलं ऊन झाकलं गेलं.

"ये… ये… ये… कालचा डबा अर्धा परत आणलात, ये… मी काय शोभेला भरते का… ये… सावकाश… ये… आई विचारत होत्या, बारक्या जेवतो का… ये… मी म्हटलं, तुम्हीच विचारा… ये…"

भिंतींच्या मधून ते धूड खाली सरकत होतं. लांबूची माणसं दोर ताणून उभी. आणि मग एका पोऱ्याचा दोर परांचीच्या पाइपात गुंतला. कोपरा भिंतीकडे कलायला लागला. वहिनीनं बटण सोडलं.

सातवर शांतता.

वर काय झालं ते मला जुळ्यानं नंतर सांगितलं. तीच जागा, तीच दुपार, तसंच मध्येच तुटलेलं "ये". बारक्याचा हात थांबला. ओठ हलले, पण त्यानं हाक मारली नाही. दांडा धरून, डोळे मिटून, तो ती शांतता ऐकत राहिला. जनरेटर हवेत असा उभा, जसा भिंतीत चिणलाय.

खाली लांबूनं पाइपावर चढून दोर सोडवला. कोपरा सरळ झाला. वहिनीनं मला परत तोंडाशी नेलं.

"आहे मी, भावजी. दोर अडकला होता, सुटला. ये."

आणि तो आला.

"ये… ये… हातभर… ये… वीतभर…" ओट्यावरचे बोल्ट आणि जनरेटरची भोकं समोरासमोर आली होती. "चार बोटं… तीन… दोन… बस!"

ओट्यावर ते धूड बसलं, पण आवाज झाला नाही.

मग सगळ्यांनी एकदम बटणं दाबली. तीन नंबरवर नुसता गोंगाट, एक शब्द कळेल तर शपथ. गोंगाट सरला तेव्हा मुकादमाचं एवढंच ऐकू आलं, "…सगळ्यांना चहा, माझ्याकडून!" आणि मागून कुणीतरी, "हो गं!"

सातवर मात्र बारक्या हळूच म्हणाला, "वहिनी."

"काय?"

"काही नाही. नुसतं म्हटलं."

"मग बटण सोडा. आणि खाली या जेवायला."

तो खाली आला आणि पूर्ण डबा जेवला. मी साक्षीला होतो.

दवाखाना सुरू झाला. जनरेटर पहिल्यांदा घरघरला तेव्हा मी वहिनीच्या गळ्यात होतो, आणि सगळ्या मजल्यांवरच्या खिडक्या खालपासून वरपर्यंत उजळत गेल्या. बारक्या मान वर करून बघत राहिला. म्हणाला, "सगळं दादाच्या आवाजावर उतरलंय." वहिनी म्हणाली, "शेवटचं माझ्या." दोघं हसले. हसताना दोघांचे डोळे भरले होते, पण हसले.

आता आम्ही नव्या साइटवर आहोत. इथं गेटवर पहिल्याच दिवशी साहेबांनी पाटी लावून घेतली आहे: सात नंबर फक्त क्रेनसाठी. वहिनीच्या हाताखाली दोघं जण काम शिकतायत. तिला नवा सेट मिळालाय, चकचकीत. मी तिच्या पिशवीत असतो, नवा दमला तर. माझी बॅटरी दुपारपर्यंतच टिकते, बटण घासून गुळगुळीत झालंय, पण दांडी ताठ आहे.

जाता जाता एक मागणं. तुमच्या घरात, कामावर, कुणीतरी रोज तुमच्यासाठी बोलत असेल. त्यांच्यासाठी एक चॅनल मोकळं ठेवा. त्यांचा आवाज थांबला तर थांबा, खुशाल थांबा. पण सेट बंद करू नका.

फार बोललो. मी बोलतोय तोवर मला दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही, हा माझा जन्माचा दोष आहे. तेव्हा आता बटण सोडतो.

बोला तुम्ही.